जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? महाराष्ट्रातच शिकायचं आणि नोंदणीही इथलीच, तर नेमका फरक काय?

गोदाकाठ
भाचीची बारावी सायन्स झाली. पीसीबीला ५८ टक्के, इंग्रजी बरं आहे, नर्सिंगची सीईटी दिली आहे पण गुण बेताचे. नर्सच व्हायचं हे तिचं पक्कं आहे, त्यामुळे "नीट रिपीट करा" हा सल्ला कृपया नको. समोर दोन वाटा आहेत. एक, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाला जोडलेलं जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीची पदविका, ३ वर्षं. दुसरी, घरापासून लांब एका खाजगी कॉलेजात बीएस्सी, ४ वर्षं. घरातली मोठी मंडळी म्हणतात, शेवटी दोघींची नोंदणी एकच, नोकरी एकच, मग एक वर्ष आणि वर पैसे का घालवायचे?

हे कितपत खरं? लायसन्ससाठी वेगळी परीक्षा असते का, ते देतं कोण? एजंटांचे फोन दिवसभर चालू आहेत आणि प्रत्येक जण वेगळं सांगतोय. जाणकारांनी कृपया लिहावं.

नाईटड्युटी
बीएस्सी. विषय संपला.

ढ_गोळा
'विषय संपला' असा प्रतिसाद आला की धागा शंभरी गाठतो, हा इथला जुना नियम. चटई टाकून बसलोय.

कौन्सिलकर
प्रश्नात तीन गोष्टींची सरमिसळ झाली आहे: अभ्यासक्रम कोण ठरवतं, परीक्षा कोण घेतं आणि नोंदणी कोण करतं. एजंट याच सरमिसळीवर जगतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

अभ्यासक्रम आखून देते दिल्लीची इंडियन नर्सिंग कौन्सिल. जीएनएमची परीक्षा आणि पदविका महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची. बीएस्सी, पोस्ट बेसिक बीएस्सी, एमएस्सी यांची परीक्षा आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे एमयूएचएसची. अभिमत विद्यापीठं आपापली पदवी देतात. मुंबईचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज एसएनडीटी महिला विद्यापीठाचं आहे, तेही १९६४ पासून, त्यामुळे तिथल्या पदवीवर एसएनडीटीचं नाव असतं.

नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे, महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ खाली. हीच नोंदणी म्हणजे लायसन्स. अमेरिकेत शिक्षण झाल्यावर लायसन्ससाठी एनक्लेक्स द्यावी लागते, तसं आपल्याकडे नाही. मान्यताप्राप्त संस्थेतून शेवटची परीक्षा पास झालात आणि इंटर्नशिप पूर्ण झाली की अर्ज करायचा, कागदपत्रं तपासली जातात, नोंदणी मिळते. जीएनएम आणि बीएस्सी दोघींनाही आरएन आणि आरएम, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसाविका. तेव्हा 'नोंदणी एकच' हे घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे.

एएनएमची, म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका अभ्यासक्रमाची, नोंदणी वेगळी. २ वर्षांचा एएनएम केला म्हणजे स्टाफ नर्स होता येत नाही.

काजवा
कौन्सिलकर यांनी नोंदणीचं लिहिलं, मी नोकरीचं लिहितो. राज्य सरकारच्या रुग्णालयांत जे पद आपण स्टाफ नर्स म्हणून ओळखतो ते जाहिरातीत 'अधिपरिचारिका' म्हणून येतं. पात्रता जीएनएम किंवा बीएस्सी, अधिक महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. वेतनश्रेणी दोघींना एकच, एस-१३, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४००. पदवी आहे म्हणून सुरुवातीला चार पैसे जास्त मिळत नाहीत. पुढे परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका या पायऱ्या.

एएनएमवाल्यांसाठी जिल्हा परिषदेचं आरोग्य सेविका हे पद, श्रेणी एस-८, २५,५०० पासून.

म्हणजे इथेही घरच्यांचं अर्धं बरोबर. उरलेलं अर्धं एम्सच्या नॉरसेटमध्ये, म्हणजे त्यांच्या नर्स भरतीच्या परीक्षेत दिसतं. बीएस्सीवाली नोंदणी हातात आली की लगेच फॉर्म भरू शकते. जीएनएमवालीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो शिक्षण पूर्ण झाल्यानंतरचा. तिथली सुरुवात लेव्हल ७ ला, ४४,९०० मूळ वेतन. नागपूरचं एम्सही याच परीक्षेतून भरतं, त्यामुळे 'दिल्लीला कोण जातंय' म्हणून सोडून देऊ नये.

नाईटड्युटी
तेच तर म्हणत होतो. ३ अधिक २ बरोबर ५. बीएस्सी ४. हिशोब करा.

तीनपाळ्या
@नाईटड्युटी, तुमच्या हिशोबात ती दोन वर्षं घरी बसलेली आहे. प्रत्यक्षात ती पगार घेत असते आणि वॉर्ड शिकत असते.

माझं मत थोडं उलटं आहे. पदवी की पदविका हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, शिकायला पेशंट कुठे आहेत? कौन्सिलच्या निकषांत स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय, ७५ टक्के खाटा भरलेल्या, आणि एका विद्यार्थ्यामागे ३ रुग्ण हे प्रमाण सांगितलं आहे. आता मांडून बघा. १०० पैकी ७५ खाटा भरलेल्या, म्हणजे एका वेळी २५ मुली. ६० च्या तुकडीचे चार वर्षांचे वर्ग धरले तर मुली होतात २४०. बाकीच्या जाणार कुठे? म्हणून कॉलेजं बाहेरची रुग्णालयं संलग्न करून घेतात. ती १५ ते ३० किलोमीटरच्या आत असावीत अशी अपेक्षा असते. कागदावर हे सगळं जुळतं. प्रत्यक्षात त्याच जिल्हा रुग्णालयात तीन-चार कॉलेजांच्या मुली, वर इंटर्न डॉक्टर, आणि एका प्रसूतीभोवती आठ डोकी.

जुन्या बीएस्सी अभ्यासक्रमाच्या केसबुकात प्रत्येक मुलीने ३० गरोदर मातांची तपासणी, २० नॉर्मल प्रसूती, ५ एपिसिओटॉमी (प्रसूतीच्या वेळी घेतलेला छेद) आणि टाके असा हिशोब पूर्ण करायचा असे. नव्यात आकडे बदलले, पण तत्त्व तेच: प्रत्येक केसखाली वॉर्डच्या सिस्टरची सही. ही केसबुकं जिथे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकमेकींच्या बघून भरली जातात, तिथली पदवी घेऊन मुलगी लेबर रूममध्ये उभी राहिली की पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

तेव्हा भाचीच्या समोर जे जीएनएम आहे ते खऱ्या चालत्या सरकारी रुग्णालयाचं असेल, तर ते असल्यातसल्या खाजगी बीएस्सीपेक्षा भारी. हे वाक्य कुणी संदर्भ सोडून उचलू नका.

मोरपीस_७
तीनपाळ्या, कॉलेज बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? इमारत तर सगळीकडे चकचकीत असते.

तीनपाळ्या
इमारत बघूच नका. सकाळी दहाच्या सुमारास, आधी न कळवता त्यांच्या रुग्णालयात जा. ओपीडीत केसपेपरच्या खिडकीशी रांग आहे का? मेडिसिन वॉर्डात खाटेला लावलेले चार्ट आजच्या तारखेचे आहेत का? सलाईनच्या स्टँडवर धूळ असेल तर समजून घ्या. लेबर रूमच्या बाहेर उभं राहून कुणालाही विचारा, काल रात्री किती डिलिव्हऱ्या झाल्या. उत्तर लगेच आलं पाहिजे. 'ऑफिसमध्ये विचारा' म्हणाले की उत्तर मिळालं.

मग तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाच्या मुलींना गाठा, शिक्षक आसपास नसताना. दोनच प्रश्न विचारा. पहिला, मानसोपचाराच्या पोस्टिंगला कुठे जाता आणि किती आठवडे राहता? दुसरा, नाईट ड्युटी लावतात का? मानसोपचार आणि बालरोग या दोन ठिकाणी बोगसपणा सगळ्यात आधी उघडा पडतो, कारण या खाटा छोट्या रुग्णालयांत नसतातच.

शिक्षकांची चौकशीही करा. इन्स्पेक्शनच्या दिवशी दिसणारे चेहरे आणि रोज शिकवणारे चेहरे वेगळे असू शकतात. मुली हे पटकन सांगतात.

ढ_गोळा
म्हणजे इन्स्पेक्शनच्या दिवशी पेशंटही भाड्याने आणि प्राध्यापकही. सासरकडच्यांनी मुलगी बघायला यावं तशी तयारी!

विदर्भवारा
बापा, इतकं सारं लिहिलं पण पैशाचं कोणी बोलून नाही राहिलं.

बीएस्सीचा प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून घेतला आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, आधी ५० टक्के होतं. एससी, एसटीच्या योजना वेगळ्या आणि आधीपासूनच्या. अर्ज महाडीबीटीवर.

पण मेख इथे आहे भाऊ. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला हे लागू नाही. अभिमत आणि खाजगी विद्यापीठालाही नाही. एजंट म्हणतो, 'कॅपची भानगड कशाला, मी सीट बुक करून देतो', तेव्हा तो तुमची फी माफी स्वतःच्या कमिशनसाठी विकून राहिला असतो. चार वर्षांचा फरक लाखांत जातो.

माफी मिळाली तरी वसतिगृह, मेस, गणवेश, विकास शुल्क, वॉर्डला जायची बस हे आपल्याच खिशातून. लांबच्या खाजगी कॉलेजात खरा खर्च हाच. कॉलेजची मंजूर फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या यादीत सापडतं. त्याहून जास्त मागत असले तर लेखी मागा म्हणावं. लेखी म्हटलं की आवाज खाली येतो.

गोदाकाठ
विदर्भवारा, हे माहीतच नव्हतं! आम्ही ओबीसीत येतो, उत्पन्न मर्यादेत आहे. नॉन क्रिमीलेअरही लागेल ना?

विदर्भवारा
लागतंच. ओबीसी जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन क्रिमीलेअर हे तिन्ही पाहिजे. फी माफीसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास वेगळा. वैधता सगळ्यात सावकाश येते, तिचा अर्ज आजच टाका. नंतर जूनमध्ये सेतूत गर्दी अशी राहते की विचारू नका.

पिंपळपान
जरा विषयांतर. बारावी आर्ट्सची मुलगी असेल तर?

कौन्सिलकर
बीएस्सीला थेट जाता येत नाही. तिथे भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, खुल्या प्रवर्गाला एकत्रित किमान ४५ टक्के. जीएनएमला मात्र शाखेची अट नाही. इंग्रजी विषय असावा, एकूण ४० टक्के असावेत, सायन्स असेल तर प्राधान्य. वय १७ पूर्ण हवं. एएनएमलाही आर्ट्स चालतं.

नंतर वर चढायचं असेल तर जीएनएम आणि नोंदणी झाल्यावर २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. तिथून एमएस्सी २ वर्षांची, तिला ५५ टक्के आणि एका वर्षाचा अनुभव. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो. म्हणजे आर्ट्सच्या मुलीला दार बंद नाही, फक्त जिना लांब आहे.

आजोबा_ऑनलाईन
अहो, पण जीएनएम बंद होणार आहे ना? व्हॉट्सॲपवर पत्र आलं होतं.

काजवा
आजोबा, ते पत्र फिरून फिरून येतं. २०१९ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलने जीएनएम टप्प्याटप्प्याने थांबवून बीएस्सी हीच किमान पातळी ठेवायचं ठरवलं होतं, तेवढं खरं. तो निर्णय अमलात आला नाही, प्रवेश चालू राहिले. उद्या बंद झालं तरी झालेल्या नोंदण्या रद्द होत नसतात. ३ वर्षांच्या आधी साडेतीन वर्षांचं जीएनएम होतं, तो अभ्यासक्रम केलेल्या सिस्टर आजही नोकरीत आहेतच की.

२०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा झाला. त्यात १९४७ च्या कायद्याखालच्या कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय आयोग आणि राज्यांत राज्य आयोग अशी रचना आहे. पाटी बदलली तरी नोंदवही पुढे चालते.

नाईटड्युटी
आजोबांचं पत्र आज खोटं असेल, पण वाऱ्याची दिशा तीच आहे ना? जगभर पदवीकडेच ओढ आहे. मग आज १७ वर्षांच्या मुलीला पदविका का सुचवायची?

तीनपाळ्या
कारण वाऱ्याच्या दिशेवर आयव्ही लागत नाही.

नाईटड्युटी
:)) हे मान्य. पण मुद्दा सोडत नाही.

काजवा
नाईटड्युटी यांच्या बाजूने एक भर घालतो. बीएस्सीचा २०२१-२२ पासूनचा नवा अभ्यासक्रम सत्र पद्धतीचा आहे, ८ सत्रं. शेवटच्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप, आठवड्याला ४८ तास, एकूण १,०५६ तास. पास व्हायला विषयात ५० टक्के, इंग्रजीला ४०. हजेरी ८० टक्के, आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाचे तास १०० टक्के भरून द्यावे लागतात. इथेच मुली अडकतात. कावीळ झाली, महिनाभर घरी, थिअरीची हजेरी कशीबशी निभावते, पण त्या महिन्यातली ऑपरेशन थिएटरची पोस्टिंग नंतर सुट्टीत भरून काढावी लागते. कॉलेजने ती वेळेत लावली नाही तर निकाल लागूनही पुढचे कागद अडतात.

दुसरं, काही टप्प्यांवर मागचे विषय सुटल्याशिवाय पुढच्या सत्राच्या परीक्षेला बसता येत नाही. पहिल्या वर्षातली ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री हलक्यात घेतली की तिसऱ्या वर्षी पाय अडकतो. ५८ टक्केवाल्या मुलीने पहिलं सत्र जपावं.

सलाईन
नोंदणीच्या अर्जाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. अर्ज अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण नावातला फरक. दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव पूर्ण, बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर मधलं नाव गायब, आणि शेवटच्या वर्षी लग्न झालं तर आडनावच नवीन. चारही कागद वेगवेगळे. मग राजपत्र, प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणी प्रमाणपत्र अशी धावाधाव सुरू होते, आणि नेमकी त्याच वेळी भरतीची जाहिरात आलेली असते.

उपाय साधा आहे. प्रवेश घेतानाच दहावीच्या सनदेवर जसं आहे तसंच नाव, त्याच स्पेलिंगने, आधार आणि बँक खात्यावर करून घ्या. लग्न झालं तरी नोंदणी आधी शिक्षणातल्या नावाने करा, बदल नंतर सावकाश. दोन्ही एकदम करायला जाऊ नका.

नोंदणीबरोबर एनयूआयडी हा राष्ट्रीय क्रमांक मिळतो, तो केंद्राच्या नोंदवहीत आधारशी जोडलेला असतो. मोबाईल नंबर स्वतःचा द्या. कॉलेजच्या क्लार्कचा नंबर टाकलेला असेल तर ओटीपीसाठी पाच वर्षांनी त्याच्या मागे फिरावं लागतं.

नूतनीकरण दर ५ वर्षांनी. त्यासाठी सीएनई, म्हणजे सेवेत राहून घ्यायच्या शिक्षणाचे तास लागतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष ५ वर्षांत १५० तासांचा, म्हणजे वर्षाला ३०. कार्यशाळेचं प्रमाणपत्र घेताना तिला कौन्सिलची मान्यता आणि गुणांक आहेत का हे त्यावरच छापलेलं असतं. नुसतं चहा-बिस्किट आणि गुलाबी कागद असेल तर तो फ्रेम करून लावायला चांगला.

मोरपीस_७
सलाईनताई, हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा. +१

पिंपळपान
आमच्याकडे सगळी मुलं-मुली कर्नाटकात जातात. फी कमी, प्रवेश लगेच. तिकडचं चालतं का?

कौन्सिलकर
चालतं, पण दोन अटींवर. कॉलेज खरं असावं आणि मुलगी खरंच तिथे राहून शिकलेली असावी. 'फक्त परीक्षेला या' असं सांगणारा एजंट जे विकतो ते शिक्षण नाही, पुढच्या चौकशीचं आमंत्रण आहे.

तिकडे शिकलं की पहिली नोंदणी तिकडच्या कौन्सिलची. मग महाराष्ट्रात काम करायचं तर तिकडून ना हरकत आणि पडताळणी, ती इकडे पोचली की इथली नोंदणी. दोन कार्यालयांतला हा पत्रव्यवहार काही महिने खातो. राज्याच्या भरतीत अर्जाच्या शेवटच्या तारखेला महाराष्ट्राची नोंदणी हातात हवी असं लिहिलेलं असेल तर तोवर जाहिरात निघून जाते. शिवाय आपली फी माफी त्या कॉलेजला लागू नाही. मग फी कमी कुठे झाली?

इथलं कॉलेज असो वा तिथलं, तीन ठिकाणी नाव तपासा: राज्य कौन्सिलची यादी, विद्यापीठ किंवा मंडळाची संलग्नता, आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलची त्या शैक्षणिक वर्षाची यादी. 'त्या वर्षाची' हे महत्त्वाचं. भिंतीवर लावलेलं पत्र जुनं असतं. मंजूर प्रवेश क्षमता किती तेही बघा. ४० मंजूर आणि वर्गात ५५ बसलेल्या असतील तर वरच्या १५ जणींचं काय होणार हा प्रश्न शेवटच्या वर्षी पडतो.

सलाईन
आणि 'एक वर्षाचं नर्सिंग', 'होम नर्सिंग', 'पेशंट केअर असिस्टंट' यांच्यापासून सावध. काम म्हणून ते वाईट नाही, पण त्याने कौन्सिलची नोंदणी मिळत नाही. कोणत्याही क्लासने 'नंतर कन्व्हर्ट होतं' म्हटलं तर उठून या.

आजोबा_ऑनलाईन
परदेशाचं काय? शेजारच्यांची मुलगी लंडनला गेली. ती बीएस्सी का जीएनएम ते विचारलं नाही.

ढ_गोळा
आजोबा, विचारून या. धागा इथेच आहे.

काजवा
इंग्लंडला दोन्ही जातात. तिकडच्या नियामक मंडळाची संगणकावरची परीक्षा आणि नंतर ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, शिवाय इंग्रजी. आयईएलटीएसला ७, लेखनाला ६.५ चालतात. ओईटी या आरोग्य क्षेत्रासाठीच्या इंग्रजी परीक्षेला बी, लेखनाला सी प्लस. आखाती देशांत प्रोमेट्रिकची संगणकावरची परीक्षा, डेटाफ्लोची कागदपत्र पडताळणी आणि बहुधा दोन वर्षांचा अनुभव. जर्मनीला बी-२ पर्यंत भाषा आणि मग पदविकेची तिथल्या अभ्यासक्रमाशी तुलना. तूट निघाली तर तिथे परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत.

अमेरिकेसाठी एक गोष्ट जीएनएम-बीएस्सी दोघींनाही लागू. तिथे तपासतात तास. मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसोपचार या प्रत्येकाचे थिअरीचे किती आणि वॉर्डचे किती. कॉलेजने दिलेल्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विषयवार तास-गुणांच्या उताऱ्यावर, मानसोपचाराचे वॉर्डचे तास शून्य किंवा मोघम असतील तर फाईल परत येते. नोंदणी घेतानाच तासांसकट ट्रान्सक्रिप्ट काढून ठेवावं. दहा वर्षांनी कॉलेज बंद पडलेलं असू शकतं आणि रजिस्टर कुठल्या कपाटात आहे हे कुणालाच माहीत नसतं.

तीनपाळ्या
बघा, परत तेच. मानसोपचाराची पोस्टिंग खरी झाली का नाही, हे शेवटी अमेरिकेतून विचारतात.

मोरपीस_७
मुलगे पण घेतात ना? एकाला विचारायचं आहे.

नाईटड्युटी
घेतात. बीएस्सी आणि जीएनएम दोन्हीला, प्रसूतीशास्त्रासह सगळा अभ्यासक्रम. एएनएम फक्त मुलींसाठी. नोकरीत मात्र जागा कमी. नॉरसेटमध्ये स्त्रिया ८० टक्के, पुरुष २० टक्के. खाजगी रुग्णालयांच्या आयसीयू, कॅथलॅब, डायलिसिसमध्ये मुलग्यांना चांगली मागणी असते.

सैन्याची वाट मात्र मुलींचीच. मिलिटरी नर्सिंगची बीएस्सी आपल्याकडे पुण्याच्या एएफएमसीत (सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय) आणि मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयात आहे. तिथे राज्याची सीईटी चालत नाही, नीटचे गुण लागतात, पुढे सेवेचा बाँड. 'नीट नको' म्हणणाऱ्या धागाकर्तीची क्षमा मागून लिहिलं.

गोदाकाठ
क्षमा दिली :) इतकं सविस्तर वाचून डोकं जागेवर आलं. आता मूळ प्रश्न परत विचारते. भाचीचे सीईटीचे गुण बेताचेच आहेत. कॅपमध्ये आवडीचं कॉलेज नाही मिळालं तर जीएनएमची जागा धरून ठेवावी का?

तीनपाळ्या
सरकारी जीएनएम हातात येत असेल तर कॅपची शेवटची फेरी होईपर्यंत ते सोडू नका. दोन्ही अर्ज समांतर चालू ठेवा. कॅपच्या पसंतीक्रमात मात्र ज्या रुग्णालयात स्वतः जाऊन आलात तीच कॉलेजं टाका. यादी लांबवायला भलतंसलतं नाव टाकलं आणि तेच लागलं, तर पुढच्या फेरीचे नियम आडवे येतात.

काजवा
माझाही क्रम जवळपास तोच. पेशंट असलेलं, कॅपमधून मिळालेलं बीएस्सी पहिलं. सरकारी रुग्णालयाचं जीएनएम दुसरं, आणि ते केलं तर नोंदणीनंतर ५० खाटांच्या वर असलेल्या रुग्णालयात दोन वर्षं. अनुभवाच्या प्रमाणपत्रावर खाटांची संख्या लिहून घ्यायची, नाहीतर नॉरसेटच्या कागद तपासणीत ते प्रमाणपत्र कुचकामी. एजंटाची संस्था पातळीवरची बीएस्सी सीट यादीत कुठेच नाही.

नाईटड्युटी
काजवा, तुमचा क्रम मला मान्य आहे म्हणजे माझा पहिला प्रतिसाद बरोबर होता.

तीनपाळ्या
'पेशंट असलेलं' हे दोन शब्द वगळले तर.

सलाईन
गोदाकाठ, एक राहिलं. प्रवेशाच्या वेळी मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, पण ठेवून घेत असतील तर त्याची सही-शिक्क्याची पोच घ्या आणि सगळ्याच्या रंगीत स्कॅन प्रती स्वतःच्या ईमेलवर टाकून ठेवा. नंतर खाजगी रुग्णालयातही बाँडपोटी मूळ कागद मागतात. ते अजिबात द्यायचे नाहीत.

गोदाकाठ
नोंद केली. सोमवारी सकाळी दहाला दोन्ही रुग्णालयांपैकी जवळच्याला जाऊन येते. जात वैधतेचा अर्ज आज संध्याकाळी. लेबर रूमच्या बाहेर काय उत्तर मिळालं ते इथे लिहीन.

विदर्भवारा
वैधतेला वडिलांकडच्या नातेवाइकाचं वैधता प्रमाणपत्र असलं तर सोबत जोडा, काम लवकर होते. आणि पोचपावतीचा नंबर जपून ठेवजा, मुदतीत प्रमाणपत्र नाही आलं तर तोच दाखवा लागते.

ढ_गोळा
चटई गुंडाळू का?

आजोबा_ऑनलाईन
थांबा हो. शेजारच्यांकडे जाऊन आलो. जीएनएम, मग पोस्ट बेसिक, मग लंडन.